काना गावचे सहा रांजण

आमच्या गिरीज गावात सालोमीला 'नाटकवाली बाई' म्हणत. आता गंमत बघा, तिनं जन्मात कधी तोंडाला रंग लावला नाही, आणि स्टेजवर पाऊल ठेवलं ते फक्त झाडू मारायला. पेशानं ती शाळामास्तरीण. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवायची, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची, आणि उरलेल्या वेळात वाडी. आमच्याकडच्या बायकांचा उरलेला वेळ म्हणजे वाडीच, नुसतं बसून राहायची चैन कुणाला परवडते? पण नाव पडलं ते नाटकाचं, आणि तेही तिच्या भावामुळे.

भाऊ म्हणजे युजीन. सालोमीहून बराच लहान, जवळजवळ तिच्या कडेवरच वाढलेला. उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला. शाळेत गेला तर पहिलीचा वर्ग त्याला सोडेना, म्हणजे बरोबरची पोरं पुढे गेली, त्यांच्या मागची गेली, हा आपला तिथंच. शेवटी गुरुजींनी हात टेकले. अशा मुलांना सरकारी कागदावर 'मतिमंद' म्हणत, गावात 'येडा' म्हणत, आणि ज्यांना आपण फार दयाळू आहोत असं वाटायचं ते 'भोळा' म्हणत. त्याची आई तेरेसा यातलं काहीच म्हणायची नाही. ती 'युजीन' म्हणायची. बाप्तिस्म्याला पाणी ओतून पोराला नाव ठेवलंय ना, मग तेच वापरा की!

बाप लवकर गेला. मागे राहिली केळीची वाडी, थोडे नारळ, पानवेलीचा एक मांडव आणि ही तिघं. वाडीला पाणी द्यायचं काम मायलेकांचं. तेरेसा विहिरीकडे आणि युजीन पार पल्याडच्या टोकाला. त्या कामाची एक जुनी रीत होती, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विहिरीपासून पाट निघतो, त्याला फाटे असतात. पल्याडचा वाफा काठोकाठ झाला की तिकडच्या माणसानं ओरडायचं, "भरलं!" मग विहिरीकडच्या माणसानं त्या फाट्याचं तोंड केळीच्या सोपटानं आणि चिखलानं बुजवायचं, दुसऱ्या फाट्याचं फोडायचं, आणि उलट ओ द्यायची, "सोडलं!" ती ओ आली की पल्याडचा माणूस फावडं खांद्यावर टाकून पुढच्या वाफ्याशी जातो. गिरीजच्या प्रत्येक वाडीत सकाळ-संध्याकाळ हेच चालायचं. ज्याचा कान या हाकांवर वाढला नाही तो गिरीजचा नव्हेच.

युजीननं ही रीत इतकी मनावर घेतली की विचारू नका. ओ आल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. एकदा तेरेसा दारात आलेल्या पाहुणीशी बोलण्यात गुंतली आणि ओ द्यायची राहिली. जाऊन बघते तर युजीन पोटरीभर पाण्यात उभा, अळू बुडालेलं, पाणी शेजाऱ्याच्या वांग्यांत घुसलेलं.

"अरे, पुढं जायचं ना!"

"ओ नाही आली," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

त्या दिवशी तेरेसाच्या मनात एक घोर शिरला तो शिरलाच. रात्री अंथरुणावर पडली की तोच एक विषय. "सालोमी, मी मेल्यावर याच्या हाकेला ओ कोण देणार गं?"

"मी आहे ना, आये."

"तू शाळेत असतेस. आणि आज ना उद्या लग्न करशील."

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ माणिकपूरहून आलं होतं, चांगलं होतं. मुलगा चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "सगळं ठीक आहे, फक्त त्या भावाचं काय करणार ते आधी ठरवा." सालोमीनं त्याच्या हातातली कपबशी घेतली आणि त्याला त्याच्या चपला दाखवल्या. पुन्हा कुणी विचारलं तर म्हणायची, "मला वाडीची सवय झालीय, माणिकपूरला पाणी खारं आहे." खारं-बिरं काही नव्हतं, पण तोंड बंद करायला कारण पुरेसं होतं.

नाटक घरात शिरलं ते कोळंबीच्या टोपलीबरोबर.

पाचूबंदरची लिडिया दर बुधवारी मासळी घेऊन दारावर यायची. एका बुधवारी तिच्या मागोमाग एक उंचेला, रुंद खांद्यांचा मुलगा आला. तोंड उघडं, नजर जमिनीवर. लिडिया म्हणाली, "माजा आग्नेल हाय. घरात कोन नाय, एकट्याला ठेवला तर चूल पेटवतो. जरा बसू दे तुज्या वाडीत, मी गिरायकं करून येते." आग्नेल केळीखाली बसला. युजीननं त्याला दोनदा न्याहाळलं, मग हाताला धरून नेलं आणि पाट दाखवला. दुपारी लिडिया परतली तर दोघं चिखलात बरबटून खदाखदा हसत होते. लिडिया दारातच मटकन बसली. म्हणाली, "बाय, याला कोनी दोस्त व्हता असा मला आटवत नाय."

शेजारच्या आळीतली सुझानही मग येऊ लागली. पंधरा-सोळाची, दोन वेण्या, बोलणं मोजकं, पण कुणीही दिसलं की हात हलवायची, अगदी प्रेतयात्रेतल्या लोकांनासुद्धा. सालोमीला वाटलं, ही तिघं जमतातच आहेत तर रविवारी यांचा धर्मशिक्षणाचा वर्ग वेगळा घेऊ. घेतला. देवाच्या दहा आज्ञा सांगितल्या, आग्नेल झोपला. पवित्र त्रैक्य, म्हणजे एका देवात तीन व्यक्ती, ते समजावलं, सुझाननं भिंतीवरच्या पालीला हात हलवला. पण तिचंही बरोबरच होतं, त्रैक्य समजलेला माणूस आपल्या गावात तरी अजून मी पाहिलेला नाही.

मग एक दिवस सालोमीनं काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगितली. ऐन जेवणावळीत द्राक्षारस संपला, ख्रिस्ताच्या आईला, मारियामातेला, यजमानांची दया आली, आणि ख्रिस्तानं नोकरांना सांगितलं की हे सहा रांजण पाण्यानं भरा. एवढं ऐकलं मात्र, युजीन उठला. ओट्यावरची घागर उचलली, मोरीतल्या रिकाम्या मडक्यात ओतली, ते काठोकाठ केलं आणि विहिरीकडे तोंड करून ओरडला, "भरलं!"

आग्नेल जागा झाला. सुझाननं टाळी वाजवली. सालोमी हातातलं पुस्तक मिटून बघतच राहिली. पोरांना गोष्ट ऐकायची नव्हती, करायची होती. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि त्याच आठवड्यात कुंभाराकडून सहा रांजण आणवले.

तालमी वाडीतच, चिकूच्या झाडाखाली. सुझान झाली मारिया. आग्नेलला भोजनकारभाऱ्याचं काम दिलं, शेवटी रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस झाला की त्यानं पेला चाखायचा आणि "असा उत्तम द्राक्षारस आतापर्यंत का लपवलात?" असं विचारायचं. पेल्यात कोकमाचं सरबत असायचं. पहिल्या तालमीला आग्नेलनं पेला नव्हे, अख्खा तांब्या रिकामा केला आणि एक शब्द न बोलता ढेकर दिली. ख्रिस्ताचे शब्द सालोमी बाजूला उभी राहून म्हणायची. रांजण भरायचे अर्थात युजीननं. एक रांजण भरला की "भरलं!", मग "सोडलं!", मग दुसरा. सालोमी "सोडलं" म्हणायची आणि तो पुढच्या रांजणाकडे जायचा. तिला वाटलं, जमलं.

तेरेसा मात्र तालमीकडे पाठ करून विहिरीपाशी बसायची. भांडी घासायची, वाल सोलायची, पण मान वळवायची नाही. तिच्या रागाला कारण होतं. युजीन बारा-तेरा वर्षांचा असताना गावच्या नाट्यमंडळानं नाताळच्या नाटकात त्याला गाढव केलं होतं. अंगावर गोणपाट, मागे काथ्याची शेपटी. लोक हसले, तोही हसला, त्याला वाटलं सगळे खूश आहेत. मग कुणीतरी शेपटी ओढून त्याला पाडलं आणि सगळं मैदान लोळायला लागलं. तेरेसा भर नाटकात स्टेजवर चढली, पोराला हाताला धरून खाली उतरवलं आणि घरी घेऊन आली. त्यानंतर ती कधी नाटकाला गेली नाही. लोकांचं काय जातं हो? हसायला बत्तीस दात दिलेत देवानं, ते झिजत थोडेच!

नाट्यमंडळाचे म्होरके सेबेस्टियनमामा. मिशा कसल्या, झुपके! दर वर्षी नाताळच्या नाटकात हेरोद राजा तेच. सालोमी त्यांच्याकडे गेली आणि नाताळच्या आठवड्यातल्या कार्यक्रमात आपल्या मुलांसाठी थोडा वेळ मागितला. हे साल असेल एकोणऐंशी.

मामांनी मिशीवर हात फिरवला. "सालोमीबाय, मनाला लावून घेऊ नको. पण लोक नाटक बघायला येतात, दया करायला नाही."

"मग दया नकाच करू, मामा. तुमच्या हेरोदाला दाढी चिकटवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच द्या मला."

मामांना हसू आलं आणि माणूस हसला की अर्धा कबूल झालाच. वेळ मिळाला. घरी मात्र वेगळंच रण होतं. तेरेसा म्हणाली, "ने. पण ऐकून ठेव. एक जरी माणूस त्याला हसला, तर मी त्याला तिथनं उतरवीन, आणि मग तो या वाडीबाहेर पाऊल टाकणार नाही. मिस्सेलासुद्धा नाही. मी घरीच प्रार्थनेची माळ म्हणीन त्याच्याबरोबर." सालोमी आईला ओळखून होती. हे बोलणं हवेवरचं नव्हतं.

नाटकाच्या संध्याकाळी गावच्या क्रुसापुढचं मैदान भरलं. पुढे सतरंजीवर पोरं, मागे बाकांवर बायाबाप्ये. ड्रमांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज, दोन्ही बाजूंना साड्यांचे पडदे. तेरेसा आली, पण बसली नाही. पार मागे आंब्याच्या बुंध्याशी उभी राहिली, घरी जायची वाट होती तिथं. जांभळं लुगडं, हाताची घट्ट घडी. सालोमीनं पडद्याच्या फटीतून तिला पाहिलं.

पडदा उघडला. सुझान पुढे आली, म्हणाली, "यांचा द्राक्षारस संपला," आणि समोर बाप दिसला तसा त्याला हात हलवला. बापानं बाकावरून तिला उलट हात केला. पडद्याआडून सालोमी म्हणाली, "रांजण पाण्यानं भरा." युजीन बादल्या घेऊन आला, धोतर खोचलेलं, डोक्याला पंचा. पहिला रांजण भरला, काठोकाठ, थेंबभर पाणी सांडेपर्यंत. मग ताठ उभा राहिला आणि ओरडला, "भरलं!"

"सोडलं," सालोमी म्हणाली.

युजीन हलला नाही.

"सोडलं, युजीन! सोडलं!" ती जरा मोठ्यानं म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. तो समोर बघत होता, पार लांब, आणि वाट बघत होता. पुन्हा ओरडला, "भरलं!"

तेव्हा सालोमीच्या डोक्यात उजेड पडला. तालमीत तो तिच्या शब्दावर कधी हललाच नव्हता! विहिरीपाशी पाठ करून बसलेली आई, वाल सोलता सोलता, सवयीनं, मान न वळवता, दर वेळी "सोडलं" म्हणत होती. तिच्या जिभेला ते उभ्या जन्माचं वळण होतं. सालोमीनं ते ऐकलं होतं, पण आपल्या दारचा कावळा ऐकतो तसं. पोरगं आईच्या ओवर चालत होतं, आणि बाईसाहेब समजत होत्या की आपण नाटक बसवलं!

"भरलं!" युजीन तिसऱ्यांदा ओरडला. आता त्याचा आवाज फाटला होता. सतरंजीवरचं एक पोरगं फिसकन हसलं. मग दुसरं. मग ती हसण्याची खसखस पुढून मागे सरकू लागली. सालोमीनं पाहिलं, आंब्याखालचं जांभळं लुगडं हललं. तेरेसा बाकांच्या मधून चालत पुढे येत होती. झालं, संपलं. आता ही चढेल, त्याला हाताला धरेल, आणि मग वाडीचं कुंपण ते कुंपण. सालोमीनं डोळे मिटून घेतले. तिच्या ओठांवर 'नमो मारिया'ची प्रार्थना आली, पण पुढचे शब्द आठवेनात.

आणि मग मैदानाच्या मधोमधून तो आवाज आला. वाडीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा, केळीच्या पानांवरून घसरत जाणारा, लांब ओढलेला.

"सोडलंऽऽ!"

तेरेसा मधल्या वाटेत उभी होती, तोंडाशी हाताचा पोकळ पंजा धरून. हसणारी पोरं गपकन गप्प झाली. युजीनच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की काय सांगू! बादली उचलून तो दुसऱ्या रांजणाकडे गेला.

दुसरा भरला. "भरलं!" "सोडलंऽऽ!" तिसरा. चौथा. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली गळत होतं, पुढच्या सतरंज्या भिजत होत्या, पण कुणी उठेना. बाकांवरच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत होत्या. त्या सगळ्या वाडीवाल्याच. हे नाटक नव्हतं, हे त्यांचं रोजचं घर होतं, फक्त कधी कुणी त्यांना समोर बसवून दाखवलं नव्हतं.

सहावा रांजण भरला आणि आग्नेल पेला घेऊन पुढे आला. प्यायला. सगळा प्यायला. सालोमीनं शिकवलेलं वाक्य त्याला आठवेना. त्यानं पेल्याच्या तळाशी बघितलं, लोकांकडे बघितलं आणि म्हणाला, "आयला! चांगला माल मागं ठेवला व्हता!"

मैदान फुटलं. लिडिया बाकावर उभी राहून ओरडली, "माजा पोर हाय त्यो!" लोक पोट धरून हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि आग्नेलनं खूश होऊन रिकामा पेला उलटा करून दाखवला. सालोमीनं घाबरून आईकडे पाहिलं. लोक हसले होते ना! पण तेरेसा जागची हलली नाही. ती स्वतःच हसत होती, तोंडाला पदर लावून, खांदे हलवून. हसण्याहसण्यात फरक असतो, आणि तो तिच्याहून जास्त कुणाला कळणार होता?

पडदा पडल्यावर सेबेस्टियनमामा हेरोदाच्या अर्ध्या चिकटलेल्या दाढीनिशी आत आले. म्हणाले, "बाय, पुढच्या वर्षी जरा जास्त वेळ घे." आणि मग खाली मान घालून, "ती शेपटी मीच ओढली होती गं त्या वेळी. तेरेसाला सांगू नको."

तेरेसाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

मग ते दर वर्षीचं झालं. नवीन मुलं आली, नालासोपाऱ्याहून एक, वालीवच्या बाजूनं दोघं भाऊ. कधी नोहाचं तारू, कधी हरवलेलं मेंढरू, पण लोक फिरून फिरून काना गावावर यायचे. "बाई, यंदा रांजण आहेत ना?" तेरेसाची जागा ठरलेली, आंब्याखाली. बसायला खुर्ची दिली तर म्हणायची, "विहिरीवर कुणी बसून पाणी सोडतं काय?" युजीनला आता रस्त्यात लोक थांबवायचे, 'येडा' म्हणून नव्हे, "काय युजीन, भरलं?" म्हणून. तो गंभीरपणे सांगायचा, "अजून नाही." मिस्सेला तो आईबरोबर पुढच्या बाकावर बसायचा. सालोमी दर नाताळला ख्रिस्तजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यापुढे गुडघे टेकून आपलं एकच म्हणायची: देवा, मी तुझ्याकडे भावाला अक्कल मागत होते, तू त्याला गाव दिलंस. तुझे उपकार कसे फेडू?

पण उपकार मानत असतानाच मनात काटा असायचा. तेरेसाचा जुना घोर आता सालोमीचा झाला होता. शहाऐंशीच्या पावसाळ्यात तेरेसा पडली ती उठलीच नाही. पाय गेले, दम लागायला लागला, खाट खिडकीशी आणून ठेवली. वाडीला पाणी द्यायला विहिरीकडे सालोमी उभी राहू लागली. पहिल्याच दिवशी युजीन पल्याडहून ओरडला, "भरलं!" सालोमीनं जीव तोडून ओ दिली. युजीन फावडं खाली टाकून चालत विहिरीपर्यंत आला, तिच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "आय कुठाय?" रोज तेच. शेवटी सालोमीनं पाण्याला गडी लावला, आणि युजीन ओट्यावर बसून राहू लागला.

डिसेंबर आला. तेरेसा म्हणाली, "या वर्षी रांजण ठेवू नको. तो तिथं उभा राहील आणि मी इथं पडलेली असेन. मला ते ऐकवणार नाही."

सेबेस्टियनमामांनी एक तोड काढली. त्यांच्या पुतण्यानं कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता. तो घेऊन ते खाटेपाशी आले, बटण दाबलं आणि म्हणाले, "तेरेसा, म्हण, सोडलं."

तेरेसानं त्या डब्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. "कोण म्हणालं भरलं?"

"कुणी नाही. तू नुसतं म्हण."

"भरल्याशिवाय सोडलं कसं म्हणू? येडा झालास काय रे सेबेस्टियन?" लाख समजावलं, पण म्हातारीचं तोंड उघडेना. टेपरेकॉर्डर आला तसा गेला.

पण युजीनला कोण सांगणार? नाताळ जवळ आला हे त्याला गोठ्याच्या चांदण्यांवरून कळलं होतं. त्यानं माळ्यावरून सहाही रांजण स्वतः उतरवले, धुतले, अंगणात उपडे घातले आणि डोक्याला पंचा बांधून बसला. तेरेसानं खिडकीतून ते पाहिलं. मग म्हणाली, "ने त्याला. देवाची मर्जी."

मैदान भरलेलं, आंब्याखालची जागा रिकामी. कुणी तिथं उभं राहिलं नव्हतं. गाव तेवढं जाणतं होतं. सुझाननं आपलं वाक्य म्हटलं, बापाला हात केला. युजीननं पहिला रांजण भरला, ताठ उभा राहिला, आंब्याकडे बघितलं.

"भरलं!"

ओ आली नाही. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. पुढे बसलेली पोरंसुद्धा हसली नाहीत. "भरलं!" तो पुन्हा ओरडला. सालोमी पडदा मुठीत धरून उभी होती. आपण ओ दिली तर तो खाली उतरेल आणि आईला शोधायला निघेल हे तिला माहीत होतं. नाही दिली तर तसाच उभा राहील. आई म्हणत होती ते हेच.

"सोडलं!" लिडिया होती ती. पाचूबंदरची बाई, जन्मात वाफा पाहिला नव्हता तिनं, पण उठून उभी राहिली होती. युजीननं तिच्याकडे बघितलं, मान हलवली. नाही. मग सेबेस्टियनमामा उठले, राजाचा मुकुट काढून हातात घेतला आणि तोंडाशी पंजा धरला. त्यांच्या बाजूचा उठला. बाकांवरच्या म्हाताऱ्या एकमेकींना धरून उठल्या. कुणी खूण केली नाही, कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही. उभ्या आयुष्यात रोज दिलेली ओ होती ती, ती काय शिकवावी लागते?

"सोडलंऽऽऽ!"

अख्खं गाव ओरडलं. बायका, बाप्ये, पोरं, फादरसुद्धा. युजीन एक पाऊल मागे सरकला. डोळे विस्फारून त्यानं त्या गर्दीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एकेक तोंड. मग बादली उचलली आणि दुसऱ्या रांजणाकडे गेला.

सहाही रांजण भरले. आग्नेलनं सरबत प्यायलं आणि आता गावाला पाठ झालेलं आपलं वाक्य म्हटलं. सालोमीला काही ऐकू आलं नाही, ती पडद्याआड फळ्यांवर बसून रडत होती, आणि फळ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यानं तिची साडी भिजली होती. तिनं कितीदा तरी देवाचं नाव घेतलं.

मग युजीनला हाताला धरून ती घराकडे धावली. आईला सगळं सांगायचं होतं. पण दार उघडलं तर तेरेसा खाटेवर उठून बसलेली, उशीला टेकून, खिडकीचं दार सताड उघडं. मैदान काही लांब नव्हतं, मधे एकच वाडी.

"आये, अगं..."

"थांब," तेरेसा म्हणाली. तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती. तिनं युजीनला जवळ बसवलं, त्याचा ओला पंचा सोडला आणि त्याचं डोकं पुसत विचारलं, "आज विहिरीवर एवढी माणसं कुठनं आली रे?"

युजीननं विचार केला. "आपलीच," तो म्हणाला.

तेरेसानं मान हलवली, पंचा खिडकीत वाळत टाकला आणि कितीतरी दिवसांनी सालोमीकडे जेवायला मागितलं.